वेषातील माणूस

जुन्या काळाची कथा सांगणारा चित्रपट पाहावयास बसले की माझी दृष्टी प्रथम पात्रांच्या पायांकडे जाते. मुकुटाकडे, जरीच्या अंगरख्याकडे, गळ्यातील मोत्यांच्या सरांकडे प्रेक्षकांनी पाहावे अशी निर्मात्याची इच्छा असते, आणि त्यासाठी त्याने पैसाही ओतलेला असतो. परंतु राजाच्या मस्तकावर काय असावे हे एखाद्या ग्रंथात किंवा जुन्या चित्रात सापडू शकते. त्याचे पाऊल जमिनीवर कसे पडावे हे मात्र, ज्याने त्या राजाचा माणूस म्हणून विचार केला आहे, त्यालाच सुचते. वाचकहो, पुढच्या खेपेस आपणही पायांपासून आरंभ करून पाहा.

के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ १९६० साली पडद्यावर आला. त्याच्या वेषभूषेच्या थाटाच्या कथा आजही सांगितल्या जातात. कपडे शिवावयास दिल्लीचे शिंपी, भरतकामास सुरत आणि खंबायतचे कारागीर, दागिने घडवावयास हैदराबादचे सोनार, मुकुटांसाठी कोल्हापूरचे कसबी लोक, शस्त्रांसाठी राजस्थानचे लोहार, पादत्राणांसाठी आग्रा! एका बोलपटासाठी जणू अर्धा देश कामास लागला होता. ही यादी वाचून मन थक्क होते खरे. पण त्या चित्रपटातील अकबर मला कळला तो यांपैकी कोणत्याही वस्तूमुळे नव्हे. पुत्र व्हावा म्हणून सलीम चिश्तींच्या दारी निघालेला बादशहा तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत जातो. पृथ्वीराज कपूर यांची ती भव्य मूर्ती आणि खाली ते उघडे पाय! ज्या मुलासाठी ही वाट तुडविली त्याच मुलावर पुढे फौज घेऊन जाण्याची वेळ या बापावर येणार आहे. त्या वेळी तो आपादमस्तक बादशहाच्या वेषात असतो, आणि तरीही आपल्याला ते भाजलेले तळवे आठवतात. आग्र्याच्या कारागिरांनी कितीही सुंदर जोडे केलेले असोत, त्या चित्रपटातील सर्वांत बोलकी पादत्राणे म्हणजे न घातलेली पादत्राणे होत.

चित्रपटातील वेष दोन कामे करतो. काळ कोणता हे सांगणे हे पहिले. ते तुलनेने सोपे आहे. थोडा अभ्यास आणि पुरेसे कापड असले की साधते. दुसरे काम म्हणजे हा माणूस स्वतःला कोण समजतो हे सांगणे. माणूस खरोखर कोण आहे हे त्याच्या कृतीवरून कळते; पण आपण कोण आहोत असे त्याला वाटते, किंवा लोकांनी आपणास कोण समजावे असे त्याला वाटते, ते त्याचे कपडे सांगतात. या दोहोंत जेथे अंतर पडते तेथे स्वभाव दिसू लागतो.

लग्नानंतर आम्ही ज्या ज्या गावी बदलीवर गेलो तेथे तेथे महाराष्ट्र मंडळ होते, आणि मंडळ म्हटले की गणेशोत्सवात एखादे ऐतिहासिक नाटक आलेच. ड्रेपरी पुण्या-मुंबईहून पत्र्याच्या पेट्यांतून आगगाडीने येत असे. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा दर्प सभागृहभर पसरे. एका वर्षी शिवाजीमहाराजांच्या अंगावर शोभलेला मखमली अंगरखा पुढील वर्षी राघोबादादांच्या अंगावर दिसे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. रंगमंच दूर असतो. प्रेक्षक आपल्या कल्पनेने उरलेले शिवून घेतो. कॅमेरा मात्र फार जवळ येतो. त्याला नव्या कापडाची खळ दिसते, इस्त्रीची घडी दिसते. मोहिमेवरून परतलेल्या शंभर सैनिकांचे शंभर अंगरखे सारख्याच शुभ्रतेने चमकू लागले की ती माणसे लढून आलेली नसून पेटीतून निघालेली आहेत हे लहान मूलही ओळखते. म्हणूनच जाणते वेषभूषाकार नवे कापड शिवून झाल्यावर ते जुने करण्याच्या मागे लागतात. ते पुनःपुन्हा धुतात, चहाच्या पाण्यात बुडवितात, कोपरांवर आणि गुडघ्यांवर घासतात. कापडाला वय आणणे ही कापड शिवण्याहून अवघड कला आहे, असे मला वाटते.

वय आलेल्या कापडाचे उत्तम उदाहरण आपल्याकडे फार पूर्वीच पाहावयास मिळाले. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनिसांच्या अंगावरचे कपडे आपल्या लक्षातच राहत नाहीत, आणि तेच त्यांचे यश. पण मला त्याहून जवळची वाटते ती गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई. म्हशीमागे जाणारी, काष्टा घट्ट खोचलेली, सदैव कामाच्या पवित्र्यात असलेली ही बाई. मूल आजारी पडल्यावर ती विठोबाला जाब विचारावयास देवळात जाते, आणि तिच्या हातात पायातली वहाण असते! शिवरायांकडून उंची वस्त्रे आणि अलंकार येतात तेव्हा घरात जो आनंद उसळतो तोही आठवून पाहा. तुकोबांना त्या वस्त्रांचा भार होतो. जिजाईला मात्र ती हवी आहेत, आणि तिला ती का हवी असू नयेत? नजराणा परत जातो. विरक्त माणसाची थोरवी त्या प्रसंगात आहेच. परंतु त्या थोरवीची किंमत कोण भरते हेही त्यातच आहे.

आता ज्या कलावतीच्या कामामुळे मी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळते. भानू अथय्या यांचा जन्म १९२९ साली कोल्हापूरचा. माहेरच्या त्या राजोपाध्ये. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले, काही काळ स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाटने केली, आणि पुढे त्या चित्रपटांकडे वळल्या. ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गंगा जमना’, ‘आम्रपाली’, ‘लेकिन’, ‘लगान’ अशी त्यांच्या कामाची दीर्घ माला आहे. ‘गांधी’ या चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पुढे २०१२ साली त्यांनी ते मानचिन्ह नीट जतन व्हावे म्हणून देणाऱ्या संस्थेकडेच परत सोपविले. घरातील कपाटापेक्षा वस्तूच्या आयुष्याचा विचार करणारी ही दृष्टी, मला वाटते, त्यांच्या व्यवसायातूनच आली असावी. २०२० साली त्या निवर्तल्या.

‘साहिब बीबी और गुलाम’ १९६२ साली आला तेव्हा आम्ही खरगपूरला होतो. वडील रेल्वेत होते. मी बारा वर्षांची. आई, मी आणि शेजारच्या एक बंगाली काकीमा अशा तिघी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये तो पाहावयास गेलो. कथा कलकत्त्याच्या एका ढासळत्या जमीनदार वाड्याची आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. मूळ कादंबरी बिमल मित्र यांची. खेड्यातून आलेला भूतनाथ नव्या करकरणाऱ्या जोड्यांनी शहरात प्रवेश करतो. जोडा वाजतो आणि त्याचा संकोच आपल्याला ऐकू येतो. हाच भूतनाथ जेव्हा छोट्या सूनबाईंच्या महालात प्रथम जातो तेव्हा त्याची मान खाली असते. आपल्यालाही तेवढेच दिसते जेवढे त्याला दिसते: गालिचा आणि त्यावरून येणारी दोन पावले. चेहरा नंतर. मीनाकुमारींचा तो चेहरा दिसण्यापूर्वीच आपण त्या स्त्रीच्या सत्तेखाली आलेलो असतो. बारा वर्षांच्या मुलीला हे कौशल्य कळले असेल असे मी म्हणत नाही; पण पायांकडे पाहण्याची माझी सवय तेव्हाची आहे.

या चित्रपटातील एक गाणे म्हणजे निव्वळ साजशृंगार आहे. गीता दत्त यांच्या आवाजात ते ऐकू येते आणि छोटी बहू नवऱ्यासाठी एकेक अलंकार अंगावर चढविते. येथे दागिना हा शोभेचा राहतच नाही. तो एक युक्तिवाद होतो. जो नवरा रात्री घरी थांबत नाही त्याच्यापुढे मांडलेला. पुढे हीच स्त्री त्याच्या हट्टाखातर मद्याचा पेला तोंडाला लावते, केस विस्कटतात, डोळे जड होतात. पण अंगावर दागिने आहेतच. वेष तोच राहिला आणि माणूस आतून ढासळला. बहुतेक चित्रपटांत पात्राची अधोगती दाखवावयाची म्हणजे त्याला फाटके कपडे घालतात. येथे तो सोपा मार्ग घेतलेला नाही.

आणि त्याच चित्रपटात जबा आहे. वहिदा रहमान यांची ही जबा ब्राह्मो कुटुंबातील, शिकलेली, मोकळेपणाने बोलणारी. झालरीचे पोलके आणि अंगाभोवती नीट चोपून नेसलेली साडी. मध्यंतरात काकीमांनी आईला जे सांगितले ते मला पुढे पुस्तकांतून वाचताना फार उपयोगी पडले. त्यांच्या पणजीच्या काळी, त्या म्हणाल्या, घरंदाज स्त्रिया एकवस्त्रा असत. पोलके ही चीज त्यांना ठाऊकच नव्हती, आणि म्हणून त्या घराबाहेरही पडू शकत नव्हत्या. हा बदल घडविण्यात मोठा वाटा होता तो ज्ञानदानंदिनी देवींचा. त्यांचे पती सत्येंद्रनाथ ठाकूर हे सनदी सेवेत प्रवेश मिळविणारे पहिले भारतीय. १८६४ पासून त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात होती. तेथे ज्ञानदानंदिनींनी पारशी स्त्रियांची नेसण पाहिली, ती आत्मसात केली, तीत आपल्या सोयीचे फेरफार केले आणि ती कलकत्त्यास नेली. ब्राह्मो स्त्रियांनी ती उचलली. म्हणजे वाचकहो, बंगालच्या त्या जबाच्या अंगावर जी आधुनिकता आहे तिचे एक टोक मुंबईत आहे. छोटी बहू आणि जबा यांच्यातील अंतर समजावयास संवादांची गरज नाही. एकीचे वस्त्र घरात बसण्यासाठी आहे, दुसरीचे दाराबाहेर पडण्यासाठी.

तीच पारशी नेसण आणखी एका स्त्रीच्या वाट्याला आली, पण निराळ्या रीतीने. १८९६ च्या अखेरीस गांधीजी कुटुंबाला घेऊन दक्षिण आफ्रिकेस निघाले तेव्हा सुधारलेले दिसावयाचे असेल तर वेष बदलला पाहिजे असे त्यांना वाटत होते. हिंदी लोकांत पारशी सर्वांत सुधारलेले गणले जात, म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण ठरली. पायांत बूट आणि मोजे आले. बूट चावत, मोज्यांना घामाचा वास येई, बोटे सोलवटत. गांधीजींनी आत्मकथेत हे सारे निःसंकोचपणे लिहिले आहे. कस्तुरबांना काय वाटले ते मात्र त्यांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आलेले नाही.

मला ते थोडेफार ठाऊक आहे असे वाटते, ते माझ्या आईमुळे. १९५५ साली आम्ही खरगपूरला गेलो तेव्हा आई नऊवारी नेसत होती. वसाहतीत आंध्र, बंगाल, पंजाब, केरळ अशा सर्व प्रांतांच्या बायका होत्या. नऊवारी ती एकटीच. कोणी काही बोलत नसे, पण पाहत असत. एके दिवशी वडिलांनी सहज सुचविले, आणि पुढच्या आठवड्यापासून आई पाचवारी नेसू लागली. घरात वाद झाला नाही, रडारड झाली नाही. बदलली ती तिची चाल. नऊवारीत ती लांब टांगा टाकी, पाटावर मांडी घालून बसे, विहिरीचे पाणी सहज ओढी. गोल नेसणीत पावले आखूड झाली, उठता-बसता हात निऱ्यांकडे जाऊ लागला. गौरी-गणपतीचे सोवळे करताना मात्र ती ट्रंकेतील लुगडे काढी, आणि त्या दोन दिवसांत घरात एक वेगळीच बाई वावरते आहे असे मला वाटे. अधिक उंच, अधिक मोठ्याने बोलणारी. आमच्याकडे तिची दोन छायाचित्रे आहेत, एक नऊवारीतील आणि दुसरे पाचवारीतील. मधल्या त्या आठवड्याचे छायाचित्र कोणी काढले नाही. जुन्या काळावरील चांगला चित्रपट, माझ्या मते, असे न काढलेले छायाचित्र दाखवितो. आणि एखाद्या चित्रपटाने ते खोटे दाखविले तर माझा जीव का तळमळतो हेही आपल्या लक्षात आले असेल. हल्लीच्या मुलांनी पणजीला पाहिलेले नसते. पडद्यावरची पणजी हीच त्यांची पणजी होते.

२०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ प्रदर्शित होण्यापूर्वी त्यातील एका नृत्यावरून महाराष्ट्रात वाद उठला. पेशव्यांच्या वंशजांनीही हरकत घेतली. काशीबाई अशा नाचतील काय, नऊवारी अशी नेसतील काय, असे प्रश्न होते आणि ते अस्थानी नव्हते. मला खटकले ते जरा निराळे. त्या नृत्यात काशीबाई आणि मस्तानी दोघीही सारख्याच तऱ्हेच्या नऊवारीत आहेत. शनिवारवाड्याने जिला कधी आपली मानली नाही तिच्या अंगावर त्या घरचे लुगडे आले, हा केवढा मोठा प्रसंग! ते लुगडे तिला कोणी नेसविले, नेसविताना हात थरथरला काय, काष्टा तिला जमला काय? पण गाणे सुरू होते, दोघी एकाच चालीने गिरक्या घेतात, आणि वेष हा प्रसंग न राहता रोषणाई होतो. कपडे सुंदर होते हे मी मान्य करते.

याउलट ‘लगान’ (२००१). कथा काल्पनिक आहे, पण काळ नेमका: १८९३. भानू अथय्यांनी तेथे गावच्या गाव उभा केला. भुवन शेतकरी, अर्जन लोहार, इस्माईल कुंभार, लाखा लाकूडतोड्या, भुरा कोंबड्या पाळणारा, आणि गावाबाहेर ठेवलेला कचरा. कापडाचा रंग सर्वत्र मातीच्या जवळचा. तरी गर्दीत कोण कोठला हे चुकत नाही. समोर गोऱ्या अधिकाऱ्यांचे पांढरेशुभ्र खेळाचे कपडे आणि बूट, इकडे धोतरे खोचून धावणारी माणसे. त्यांच्या पायांकडे आपण पाहालच. या कामासाठी भानूताईंना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी ‘लेकिन’साठीही मिळाले होते.

योगायोग पाहा. ‘लगान’मधील त्या काल्पनिक गावात धोतर नेसलेली माणसे साहेबाचा खेळ शिकत होती त्याच १८९३ साली, जूनच्या ७ तारखेच्या रात्री, साहेबी पोशाखातील एक तरुण हिंदी बॅरिस्टर पीटरमॅरिट्सबर्ग स्थानकावर आगगाडीतून ढकलला गेला होता. ‘गांधी’ चित्रपटाची खरी कथा येथून सुरू होते. रिचर्ड ॲटनबरो यांनी तीत एक विलक्षण गोष्ट केली आहे. आरंभी आपण पाहतो ती १९४८ ची हत्या आणि अंत्ययात्रा. अंगावर पंचा आणि उपरणे एवढेच असलेला तो देह. आणि लगेच पुढच्या प्रसंगात पहिल्या वर्गाच्या डब्यात कोट, कॉलर, टाय यांत नीटनेटका बसलेला तो तरुण. पंचावन्न वर्षांचा प्रवास दोन वेषांत बांधून आपल्या हाती दिला आहे. उरलेला चित्रपट म्हणजे एका वेषातून दुसऱ्या वेषापर्यंत माणूस कसा गेला याची हकीकत.

ही हकीकत खऱ्या आयुष्यातही कपड्यांचीच होती. १८८८ साली विलायतेस पोहोचताना त्यांनी मुद्दाम राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा पोशाख घातला, तर सप्टेंबर अखेरीस तसले कपडे घातलेले ते एकटेच निघाले! पुढे १९ शिलिंगांची उंच टोपी झाली, बॉंड स्ट्रीटवर शिवलेल्या संध्याकाळच्या पोशाखावर १० पौंड खर्च झाले. डर्बनच्या न्यायालयात फ्रॉककोटावर पागोटे होते. ते काढावयास सांगितले तेव्हा त्यांनी न्यायालय सोडले, पागोटे सोडले नाही. पीटरमॅरिट्सबर्गच्या त्या कडाक्याच्या थंडीत त्यांचा ओव्हरकोट सामानात होता. पुन्हा अपमान होईल म्हणून त्यांनी तो मागितला नाही आणि ते कुडकुडत बसून राहिले. माझ्या दृष्टीने त्या रात्रीतील सर्वांत बोलकी वस्तू तो न मागितलेला कोट आहे. १९१३ मध्ये संपकरी मजुरांवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर त्यांनी मजुरांसारखी लुंगी आणि कुडता स्वीकारला. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईस उतरले ते काठियावाडी वेषात. पण तिसऱ्या वर्गाने हिंडावयाचे ठरताच अंगरखा आणि उपरणे गेले आणि आठ-दहा आण्यांची काश्मिरी टोपी आली. अखेर २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईस त्यांनी गुडघ्यापर्यंतचा पंचा नेसला, तो कायमचा.

सुमारे तीन तासांच्या चित्रपटात एवढ्या साऱ्या पायऱ्या दाखविणे शक्य नाही, आणि दाखविल्या असत्या तर ते वस्त्रांचे प्रदर्शन झाले असते. चित्रपटाने त्यांतून निवड केली. मुंबईच्या स्वागतसमारंभात बागेत जमलेली पुढारी मंडळी उत्तम शिवलेल्या सुटांत आहेत. रोशन सेठ यांचे तरुण नेहरू, सईद जाफरी यांचे पटेल, सारे. त्यांच्यात हा साध्या पांढऱ्या कपड्यांतील माणूस पाहुण्यासारखा अवघडून उभा आहे. काही वर्षांनी पाहावे तो तीच मंडळी खादीत आहेत आणि आता अवघडलेले दिसतात ते अलेक पदमसी यांचे जीना, आपल्या निर्दोष सुटात. कोण कोणाकडे सरकला हे सांगावयास एकही भाषण लागले नाही. ब्रिटिश लष्कर-पोलिसांच्या गणवेषांचा भार मुख्यतः मोलो यांच्याकडे, आणि हिंदी माणसांचा भानूताईंकडे. गणवेषाला नियमपुस्तक असते. हिंदी गर्दीला ते नसते. तेथे प्रांत, जात, धंदा, वय आणि ऐपत ही सारी पागोट्याच्या बांधणीत आणि पदराच्या खांद्यात ओळखावी लागतात.

पंचाचा प्रसंग चित्रपटाने मदुराईऐवजी नदीकाठी आणला आहे. गांधीजी पाण्याशी बसले आहेत. पलीकडे फाटक्या वस्त्रातील एक गरीब स्त्री आहे. ते आपले कापड पाण्यावर सोडून देतात, आणि प्रवाह ते तिच्यापर्यंत नेतो. दोघांत शब्द होत नाही. इतिहासाशी हे अक्षरशः जुळत नाही असे कोणी म्हणेल. मी तरी या स्वातंत्र्याबद्दल तक्रार करणार नाही, कारण वस्त्र कमी करणे हे त्या माणसाच्या बाबतीत त्याग मिरविणे नसून कोणाला तरी देणे होते, हे त्यातून कळते. तेथून पुढे बेन किंग्जले यांच्या अंगावर वेषभूषाकाराला करण्यासारखे फार थोडे उरते. उघड्या छातीचा, बारीक दंडांचा देह हाच वेष होतो. त्यांनी वजन उतरविले, ते चरख्यावर सूत कातावयास शिकले. कारण पंचा पडदा धरीत नाही, नट खोटा असला तर तो लगेच उघडा पडतो.

आणि कस्तुरबा. रोहिणी हट्टंगडी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, आणि त्यांनी तरुण गृहिणीपासून वृद्धेपर्यंतचा सारा पल्ला गाठला. केसांत पांढरा रंग भरला की म्हातारपण येते असे मानणारे नट पुष्कळ आहेत. येथे पदर सावरणारा हातच हळूहळू म्हातारा होत जातो. ज्यांना नेसण म्हणजे काय हे ठाऊक आहे अशा दोघी मराठी स्त्रिया, एक पडद्यावर आणि एक पडद्यामागे, हे काम करीत होत्या याचा मला अभिमान वाटतो. तो प्रांतिक अभिमान असेल तर वाचकांनी क्षमा करावी.

आगाखान पॅलेसमधील कस्तुरबांचा मृत्यू चित्रपटात आहे. तेथे कॅमेरा फार वेळ थांबत नाही, म्हणून त्यात न आलेली एक गोष्ट येथे नोंदविते. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्यास त्या बंदिवासातच वारल्या. जिला एके काळी नवऱ्याच्या सांगण्यावरून पारशी साडी नेसावी लागली होती, तिला शेवटी गुंडाळले ते गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताच्या साडीत. नंतर गोळा केलेल्या राखेत तिच्या काचेच्या बांगड्या अभंग सापडल्या, असे तेव्हा जवळ असलेल्या मंडळींनी सांगून ठेवले आहे. मला दर वेळी तो कलकत्त्याचा पडका वाडा आठवतो. कुदळी चालत आहेत, मातीखालून एक सांगाडा निघतो, आणि ओव्हरसियर झालेला भूतनाथ त्याच्या मनगटावरील कंकणाकडे पाहून ओळखतो की ही कोण.